पहिलं युकुलेले: साडेतीन हजारांत काय घ्यावं?

राजेंद्रनगर_इंदूर

नमस्कार मंडळी. मुलगी दहा वर्षांची आहे, पेटी शिकते, आता गिटारसारखं छोटं, चार तारांचं युकुलेले हवं म्हणून मागे लागली आहे. घरात आलं तर मीही वाजवेन, म्हणजे दोघींना चालेल असं हवं. बजेट ३५००, फार तर ४०००, बॅगेसकट.

बघितलेलं असं: एका दुकानात २१ इंची, रंगीत, १६०० रुपये. दुसरीकडे २३ इंची, 'महोगनी' म्हणून सांगितलेलं, ३२०० च्या आसपास. ऑनलाइन तर कॅडेन्स, हुआरेझ, व्हॉल्ट अशी नावांची रांगच लागते, आणि सगळ्यांना साडेचार तारे. त्यावरून काहीच कळत नाही.

तीन प्रश्न. साइझ कोणती? लाकडाला किती महत्त्व द्यायचं? आणि पेटीबरोबर वाजवता येईल का? गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात दोन्ही एकत्र वाजवायचं तिच्या डोक्यात आहे.

तिसरा_फ्रेट

२३ इंची घ्या, म्हणजे कॉन्सर्ट. २१ इंची सोप्रानोत नटपासून (किल्ल्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (तारा बांधायची खालची पट्टी) तारेची वाजती लांबी साधारण साडेतेरा इंच, कॉन्सर्टमध्ये १५ इंच. दीड इंच ऐकायला थोडं वाटतं, पण 'डी'च्या कॉर्डला (एकत्र छेडायचे स्वर) दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरची आडवी पट्टी) तीन बोटं शेजारी शेजारी बसवायची असतात, तिथे मोठ्या माणसाचा हात सोप्रानोत अडकतो. दहा वर्षांच्या मुलीला कॉन्सर्ट मुळीच मोठं नाही. २६ इंची टेनर तुम्हाला एकटीला असतं तर सुचवलं असतं. ३० इंची बॅरिटोनच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या तारा गिटारच्या जमिनीकडच्या चार तारांसारख्या लावतात. यूट्यूबवरचे युकुलेलेचे धडे त्यावर जसेच्या तसे चालत नाहीत.

लाकूड: या किमतीत सगळं प्लायच. 'महोगनी', 'सपेली', 'कोआ' काहीही लिहिलेलं असो, बाहेरचा पापुद्रा त्या लाकडाचा, आत थर. हे वाईट नाही. इंदुरात मे महिन्यात हवा कोरडी ठाक आणि जुलैत दमट. सॉलिड टॉपला, म्हणजे एकसंध लाकडाच्या वरच्या फळीला, हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के लागते. ती सांभाळता आली नाही तर चीर जाते. प्लाय निमूट सहन करतो. तेव्हा 'सॉलिड टॉप' शब्दासाठी हजार रुपये जास्त मोजू नका. पिकअप (आवाज स्पीकरला देणारं सर्किट) बसवलेलं मॉडेलही नको, या बजेटमध्ये पैसा सर्किटमध्ये जातो आणि वाद्य उपाशी राहतं.

मग पैसे कशाचे द्यायचे? किल्ल्या, फ्रेट आणि नट यांचे. दुकानात जाताना फोनवर ट्यूनर (स्वर मोजणारं ॲप) घेऊन जा आणि हे बघा.

किल्ल्या दात्यांच्या असाव्यात, कानासारख्या बाजूला निघालेल्या. मागच्या बाजूला सरळ निघणाऱ्या, नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या खुंट्या स्वस्तात घेतल्या तर दर दोन मिनिटांनी तार उतरते आणि मूल कंटाळतं. किल्ली फिरवताना मोकळी हलली आणि तार जागची हललीच नाही, तर ते वाद्य खाली ठेवा.

फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा. टोचलं तर कोरड्या हवेत लाकूड आक्रसून फ्रेटची टोकं बाहेर आली आहेत. बारीक कानशीने घासता येतात, पण नव्या वाद्याला हा उद्योग आपण का करायचा?

ब्रिजच्या कडेखाली कागदाचा कोपरा सरकवून बघा. गेला तर ब्रिज सुटायला लागलाय.

बाराव्या फ्रेटपाशी तार किती उंच आहे ते एटीएम कार्डांनी मोजा. एक कार्ड ०.७६ मि.मी. असतं. फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांच्यात तीन कार्डं सहज जावीत, चौथं अडखळावं. चार ढिली गेली तर तारा उंच आहेत, बोटं दुखणार. दोनच जात असतील तर जोरात वाजवल्यावर खरखर होण्याची शक्यता. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेकदा छेडा. कंटाळवाणं आहे, पण एखादा उंच फ्रेट असाच सापडतो, त्यावर तार झणझणते. तंबोऱ्यात जवारी लागते, इथे तीच दोष.

आता सूर. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तीच तार, दोन्हींत नेमका एका सप्तकाचा फरक हवा. ट्यूनरवर पाच-सात सेंट इकडे तिकडे चालतं, पंधराच्या वर नको. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर.

१६०० वालं रंगीत जे आहे त्याचे फ्रेट धातूचे आहेत का, तेही पाहून घ्या. प्लॅस्टिकचे असतील तर ते खेळणं आहे.

भिया_छप्पनवाला

ऑनलाइन घ्या भिया, उगाच दुकानाच्या चकरा कशाला. दुकानात दोन पीस असतात, तेही काचेच्या कपाटात वर्षभर सुकलेले. ऑनलाइन परत करायची मुदत असते. मागवा, वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या घरी निवांत करा, नापास झालं तर परत. फक्त मागवायच्या आधी 'रिटर्न' आहे की नुसतं 'रिप्लेसमेंट' आहे ते वाचा. दोन्हींत फरक आहे, आणि खोलताना व्हिडिओ काढून ठेवा.

कॉम्बोला भुलू नका. बॅग, पट्टा, तारा छेडायची पिक्स, जादा तारा, कापड, सगळं धरून जेमतेम तीनशेचा माल असतो. बॅगेत स्पंज आहे का तेवढं बघा.

तिसरा_फ्रेट

परतीचा मुद्दा मान्य. पण ऑनलाइन एकाच मॉडेलचे दोन नग सारखे येत नाहीत, आणि या किमतीत कारखान्यात नट हाताने बसवायला कुणी थांबत नाही. दुकानात तीन नग हातात घेऊन त्यातला बरा निवडता येत असेल तर शंभर-दोनशे जास्त गेले तरी मी दुकान म्हणेन. तीन नग नसतील तर तुमचं बरोबर.

अजून एक, बजेटच्या बाहेरचं पण माहीत असावं म्हणून: काला कंपनीचं केए-१५ एस हे प्लाय महोगनीचं सोप्रानो आणि फ्लाइट कंपनीचं टीयूएस-३५, ज्याची पाठ प्लॅस्टिकची असते, ही दोन्ही नवशिक्यांसाठी जगभर चालतात. जुनं कुणाकडे मिळालं तर कान टवकारा.

पांढरी_एक

पेटीबद्दल मी सांगते, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो.

युकुलेलेच्या तारा जी-सी-ई-ए. पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. पांढरी एकला सा धरला तर मोकळ्या तारा प-सा-ग-ध. आणि हा प मंद्र नाही, सा आणि ग या दोन्हींच्या वरचा, मध्य सप्तकातला आहे. छताकडची तार सगळ्यात खर्ज असणार असं गृहीत धरून लोक ती सप्तकभर खाली उतरवतात, मग ती लोंबते. ट्यूनरवर आकडे दिसत असतील तर असे जुळवा: जी ३९२ हर्ट्झ, सी २६१.६, ई ३२९.६, ए ४४०.

मुलगी पेटीवाली आहे म्हणून आधीच सांगून ठेवा: पांढरी एकवर मंद्र सप्तक युकुलेलेत नाहीच. बाराव्या फ्रेटपर्यंत धरलं तर मध्य सा पासून तार सप्तकातल्या ध पर्यंत, पावणेदोन सप्तकांचं वाद्य आहे. मंद्र पंचम हवाच असेल तर 'लो जी' नावाची जाड तार वेगळी मिळते. कॉन्सर्टवर ती बरी बसते, पण नटची खाच तिच्या जाडीप्रमाणे रुंद करावी लागते. पहिल्या वर्षी त्याची गरज नाही.

आता दोन्ही एकत्र वाजवायचं तर ट्यूनरच्या ४४० वर विसंबू नका. घरातली जुनी पेटी ४४० ला असेलच असं नाही. पांढरी सहा दाबून ट्यूनरवर वाचा. ४४४ आली तर ट्यूनरचं मूळ माप ४४४ करा, साध्या क्लिप ट्यूनरमध्येही ही सोय बहुधा असते, आणि युकुलेले पेटीला मिळवा. पेटी युकुलेलेला मिळवता येत नाही.

एक बारकावा. काही पेट्या स्वयंभू गंधाराला मिळवून घेतलेल्या असतात. त्यांचा शुद्ध गंधार टेम्पर्डपेक्षा (सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्यापेक्षा) साधारण १४ सेंट उतरलेला असतो. फ्रेट तर टेम्पर्डच बसवलेले असतात. अशा पेटीबरोबर युकुलेलेवर कॉर्ड धरले की गंधार भांडतो. तेव्हा पेटीने सुरावट वाजवावी, कॉर्ड युकुलेलेने धरावेत, आणि पेटीवर गंधार लांबवू नये. साधी बाजारू पेटी असेल तर हा प्रश्नच नाही.

गाणारी मुलगी असेल तर तिची पट्टी बहुधा काळी चार किंवा पाच. काळी चारचे कॉर्ड युकुलेलेवर नवशिक्याच्या हातात बसत नाहीत. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि जीच्या घरातले, म्हणजे पांढरी पाचचे, कॉर्ड धरा, झाली काळी चार. काळी पाच हवी तर तेच कॉर्ड, कॅपो तिसऱ्यावर. पांढरी एकचे कॉर्ड धरून कॅपो पहिल्यावर ठेवला की काळी एक.

राजेंद्रनगर_इंदूर

सगळ्यांचे आभार. २३ इंची घेतलं, ३१०० ला, दुकानातूनच, दोन नगांतलं बरं वाटलं ते. दात्यांच्या किल्ल्या आहेत, कार्डं तीन जातात, ब्रिजखाली कागद जात नाही, बारावा फ्रेट चारही तारांवर पाच सेंटच्या आत.

पण सीचा कॉर्ड छान वाजतो आणि एफ धरला की कडू लागतो. मुलगीच म्हणाली, "आई, हे बेसूर आहे." ट्यूनरवर एकेक फ्रेट वाचला:

जी तार, दुसरा फ्रेट: ए, २८ सेंट चढा
ई तार, पहिला फ्रेट: एफ, २२ सेंट चढा
सी तार, पहिला फ्रेट: १० चढा
ए तार, तिसरा फ्रेट: ६ चढा

मोकळ्या तारा अचूक आहेत. परत करू का?

कानस_आणि_खुंटी

परत करू नका. बारावा फ्रेट बरोबर आहे म्हणजे ब्रिज जागेवर आहे, फ्रेटही बरोबर बसलेत. तुमच्या नटच्या दोन खाचा कमी कापल्या गेल्यात, जीची आणि ईची. स्वस्त युकुलेलेत सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच, आणि सगळ्यात सोपाही.

कारण असं. खाच उथळ असली की तार नटपाशी उंच राहते. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर दाबताना तिला जास्त खाली न्यावं लागतं, ती ताणली जाते, स्वर चढतो. बाराव्या फ्रेटला नट लांब पडतो म्हणून तिथे फरक दिसत नाही. सीच्या कॉर्डमध्ये फक्त ए तारेचा तिसरा फ्रेट दाबायचा असतो आणि तुमची ती तार ठीक आहे, म्हणून तो गोड. एफमध्ये जीचा दुसरा आणि ईचा पहिला, नेमक्या बिघडलेल्या दोन जागा.

ट्यूनरशिवाय खात्री करायची असेल तर जी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबा आणि मोकळ्या ए तारेबरोबर छेडा. दोन्ही एकच स्वर, ४४०. तंबोऱ्याचा जोड मिळवताना ऐकतो तसं ऐका. लाटा आल्या, स्वर डुलला, तर जीची खाच उंच आहे. मुलीला ऐकू द्या, तिला लगेच कळेल.

दुरुस्तीआधी मोजा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या माथ्यावरचं अंतर बघा. जेमतेम दिसेल न दिसेल इतकी फट हवी, कागदाच्या जाडीएवढी. तुमच्या जी आणि ई तारांखाली ती त्याच्या दुप्पट-तिप्पट असेल. ए तार ठीक आहे, तिचीच फट नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवा.

नटच्या खास कानशींचा संच महाग पडतो, एका वाद्यासाठी घेऊ नका. गॅस वेल्डिंगचं तोंड साफ करायच्या बारीक गोल काड्यांचा संच हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, त्या काड्या खरखरीत असतात आणि हे काम करतात. तारेच्या जाडीएवढी किंवा किंचित जाड काडी निवडा. बारीक घेतलीत तर तार खाचेत अडकते आणि किल्ली फिरवताना 'टिक' करून उडी मारते.

कृती: फक्त ती एक तार ढिली करा, खाचेतून उचलून बाजूला सरकवा. पहिल्या फ्रेटच्या बाजूचं लाकूड चिकटपट्टीने झाका. काडी किल्ल्यांच्या दिशेने थोडी खाली उतरती धरा. खाचेची फ्रेटबोर्डकडची कड सगळ्यात उंच राहिली पाहिजे, तार तिथूनच सुटते. उलटा उतार झाला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणेल, आणि तुम्हाला सतार नको आहे. तीन-चार हलके घास, एवढंच. तार खाचेत बसवा, पुन्हा सुरात लावा, पहिला-दुसरा फ्रेट ट्यूनरवर वाचा. परत तीन-चार घास. २८ चे १० झाले की थांबा. शून्याच्या मागे लागू नका, बोटाचा दाब कमी-जास्त झाला तरी पाच-आठ सेंट हलतातच. सी तार दहावर आहे, तिला हात लावू नका.

जास्त कापलं गेलं तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासून वाजेल, दाबलेली नाही वाजणार. त्याला उपाय स्वयंपाकघरात आहे. खाचेत खाण्याच्या सोड्याची चिमटीहून कमी पूड भरा, वर फेविक्विकचा एक थेंब सुईच्या टोकाने सोडा. लगेच दगड होतो. नीट सुकल्यावर पुन्हा खाच काढा. थेंब फ्रेटबोर्डवर ओघळू देऊ नका. आणि हे काम मुलीच्या हातात नको.

हे जमणार नाही असं वाटत असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, पण "तारा खाली करून द्या" असं मोघम सांगू नका. तो सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासून देईल. तुमचं सॅडल बरोबर आहे. "नटच्या जी आणि ई खाचा, पहिल्या फ्रेटचा स्वर चढतोय" असं नेमकं सांगा.

पुढे कुणी हा धागा वाचेल आणि त्याला बाराव्या फ्रेटपाशी चार कार्डं ढिली जात असतील, तर त्याच्यासाठी: सॅडल बहुतेक वेळा नुसतं खाचेत ठेवलेलं असतं, तारा ढिल्या केल्या की निघतं. बाराव्या फ्रेटवर अर्धा मि.मी. खाली यायचं तर सॅडलच्या तळातून एक मि.मी. काढावा लागतो. पेन्सिलने रेघ मारा, काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, सॅडल उभं धरून सरळ घासा. तळ वाकडा झाला तर आवाज मरतो.

पांढरी_एक

तारांबद्दल राहिलंच. नव्या नायलॉनच्या तारा पहिला आठवडाभर उतरतच राहतात, ते वाद्याचं दुखणं नाही. दिवसातून तीन-चारदा लावायच्या. लावताना नेहमी खालून वर आणा; स्वर चढला असेल तर आधी उतरवून मग चढवा, म्हणजे किल्लीच्या दात्यांतली ढिलाई निघून जाते. आठवड्यानंतरही एकच तार उतरत असेल तर ब्रिजवरची तिची गाठ बघा, शेपूट आखूड राहिलं की ती घसरते.

सोबत आलेल्या तारा काळ्या, गुळगुळीत, मऊ असतील तर महिन्या-दोन महिन्यांनी ॲक्विला कंपनीच्या नायलगट तारांचा संच कॉन्सर्टच्या मापाचा बसवा. आधी नट, मग तारा, कारण नव्या तारांची जाडी वेगळी असते आणि खाच तिच्याप्रमाणे तपासावी लागते. गिटारच्या स्टीलच्या तारा कुणी कितीही सांगितलं तरी चढवू नका, ताण इतका वाढतो की ब्रिज उपटून येतो.

भिया_छप्पनवाला

आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत सरस नरम पडतो, ब्रिज सरकतो. कूलरच्या थेट झोतातही नको.

राजेंद्रनगर_इंदूर

काड्यांचा संच मिळाला. जी आता ९ चढा, ई ७. जीची लाट अगदी मंद झाली. सी तारेला हात लावला नाही. एक विचारायचं राहिलं: मुलीची बोटं आखूड आहेत, एफमध्ये तिची तर्जनी ईवर पडताना शेजारच्या ए तारेला लागते आणि ती मुकी होते. नटची खाच सरकवून तारा एकमेकींपासून लांब करता येतील का?

कानस_आणि_खुंटी

तसं करू नका, खाच सरकवली तर कडेची तार फ्रेटवरून घसरेल. बोटाचं पेर आडवं पडतंय. अंगठा मानेच्या पाठीमागे मधोमध आणा, तळहात मानेला टेकू देऊ नका, मग तर्जनी टोकावर उभी राहते. नख वाढलेलं असेल तर कापा. शिवाय बोट फ्रेटच्या अगदी मागे ठेवायला सांगा, दोन फ्रेटच्या मधोमध नाही. दाब कमी लागतो आणि उरलेले सात सेंटही त्यातच कमी होतील.